६३ सह्यांवर युनियन नोंदली जाते का?

प्रश्न थोडक्यात असा. बुटीबोरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. कायम कामगार २४०, ठेकेदाराकडचे साधारण ३००. पोरांनी गुपचूप फिरून ६३ सह्या जमवल्या. तेवढ्यात एचआरवाल्यांनी सांगितलं, "नव्या कायद्यात ५१ टक्के लागतात, तुमची युनियन होतच नाही." आता विचारणाऱ्या भाऊंना चार गोष्टी हव्या आहेत. ६३ वर नोंदणी होते का? ठेकेदाराची माणसं सभासद होऊ शकतात का? अर्ज कामगार आयुक्तालयात पडून राहिला तर काय करायचं? आणि कुणीतरी सुचवल्याप्रमाणे थेट जिनिव्हाला, आयएलओकडे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे) तक्रार करता येते का? नागपुरात कामगारांच्या बाजूने वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोंदणी होते. ५१ टक्के हा आकडा कायद्यात आहे हे खरं, पण तो वाटाघाटीच्या हक्कासाठी आहे. नोंदणीशी त्याचा संबंध नाही. हा घोळ बुटीबोरीपासून हिंगण्यापर्यंत सगळीकडे घातला जातो आणि दरवेळी तो अज्ञानातूनच घातला जातो असं मला वाटत नाही.

आधी कायदा कोणता ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा या तिन्हींची जागा तिने घेतली. जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या युनियन आपोआप संपल्या, ही अफवा आहे. त्या संहितेखालीही नोंदलेल्याच मानल्या जातात. आपली घटना, म्हणजे युनियनची नियमावली, संहितेशी सुसंगत आहे असं निवेदन त्यांनी रजिस्ट्रारकडे द्यायचं असतं, एवढंच.

संहितेत नोंदणीची अट अशी: अर्ज किमान सात सभासदांनी करायचा. अर्जाच्या तारखेला त्या आस्थापनेतल्या किंवा त्या उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान असेल तेवढे सभासद हवेत. ही अटही नवी नाही. २००१ च्या दुरुस्तीने ती जुन्या कायद्यात आली आणि ९ जानेवारी २००२ पासून लागू झाली. त्याआधी नुसत्या सात जणांवर युनियन नोंदली जायची. तुमच्याकडे फक्त कायम कामगार धरले तर २४ लागतात, सगळे धरले तर ५४. हातात ६३ आहेत.

तरी ६३ वर अर्ज टाकू नका, असा माझा सल्ला आहे. ५४ च्या वर तुमच्याकडे फक्त नऊ जण उरतात. १० टक्क्यांची अट अर्जाच्या दिवसापुरती नसते, नोंदणीनंतरही ती कायम पाळावी लागते. सभासद त्याखाली घसरले की नोंदणी रद्द करण्याची कारवाई होऊ शकते. ठेकेदाराने एक बॅच बदलली की तुमचे नऊ जण गेलेच. त्यापेक्षा १०० चा पल्ला गाठा. एकदा १०० सभासद झाले की कारखान्यात ५४० माणसं आहेत की ९००, हा हिशेब कुणी काढायचं कारणच उरत नाही. मॅनेजमेंटने ठेकेदाराची माणसं वाढवून टक्का खाली आणायचा प्रयत्न केला तरी १०० च्या पुढे त्यांचं गणित चालत नाही.

अर्जावर सह्या किती जणांच्या असाव्यात, याकडेही बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सात पुरतात म्हणून सातच जण सह्या करतात. मग त्या सात जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं जातं आणि "मी या अर्जाशी संबंध ठेवत नाही" असं लिहून घेतलं जातं. कायदा सांगतो की अर्ज केल्यानंतर अर्जदारांपैकी निम्म्यापर्यंत लोक फुटले तरी तेवढ्या कारणाने अर्ज बाद होत नाही. सातांतले तिघे फुटले तर अर्ज टिकतो, चौथा फुटला की धोक्यात येतो. तेच २५ अर्जदार असतील तर अर्ज पाडायला १३ जणांना फोडावं लागतं, आणि १३ माणसं केबिनमध्ये बोलावली की अख्ख्या शॉपफ्लोअरला कळतं.

आता कागद. अर्जासोबत युनियनची घटना, ती स्वीकारल्याचा सभेचा ठराव, अर्जदारांना अधिकार दिल्याचा ठराव आणि शपथपत्र लागतं. अर्ज ऑनलाइनही करता येतो. फॉर्मचा चालू नमुना आणि फी अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातूनच विचारून घ्या, झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे जुने फॉर्म वापरू नका. सभा बुटीबोरीत घेऊ नका. सीताबर्डीला किंवा महालात एखादं सभागृह घ्या, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. ठराववही बांधीव आणि पानांवर क्रमांक घातलेली हवी, सुटे कागद नकोत. प्रत्येक सहीपुढे पूर्ण नाव, विभाग आणि टोकन नंबर ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा. दोस्ताची सही दोस्ताने ठोकायची सवय इथे महागात पडते. दोन सह्या एका वळणाच्या दिसल्या की टेबलावरचा क्लार्क तिथेच थांबतो, आणि मग १०० जणांना ओळखपत्रं घेऊन हजर करा अशी त्रुटी निघते. सभासदत्वाच्या पावत्या कार्बन लावून फाडा. आज क्षुल्लक वाटणारं ते पावतीबुक सहा महिन्यांनी तुमचा मुख्य पुरावा होणार आहे, ते पुढे सांगतो.

घटना म्हणून बहुतेक जण दुसऱ्या युनियनची प्रत आणून नाव बदलतात. त्यात एक कलम हमखास घात करतं: "कंपनीच्या कायम कामगारास सभासद होता येईल." एवढं एक वाक्य तसंच राहिलं की ठेकेदाराचे ३०० जण बाहेर गेले. कायद्याने त्यांना बाहेर ठेवलेलं नाही. संहितेत युनियनच्या प्रकरणापुरती 'कामगार' शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद केली आहे: व्यवसायात किंवा उद्योगात काम करणाऱ्या सर्व व्यक्ती, असंघटित कामगारांसह. १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगाराच्या सुपरवायझरला विवादाच्या तरतुदींतून वगळलं जातं, ती मर्यादा या प्रकरणाला लागत नाही. म्हणून कलम असं लिहा: "कारखान्यात थेट किंवा ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या कोणाही व्यक्तीस सभासद होता येईल."

पदाधिकाऱ्यांबाबत. संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जो आकडा कमी त्याहून जास्त चालत नाहीत. नऊ जणांची कार्यकारिणी असेल तर तीन. निवृत्त झालेला किंवा कपातीत गेलेला कामगार बाहेरचा मानला जात नाही, ही सोय आहे. पण बडतर्फ केलेल्याचा उल्लेख त्या सोयीत नाही. मॅनेजमेंट सरचिटणीसालाच बडतर्फ करते आणि मग पत्र येतं की तुमच्याकडे बाहेरचे चार झाले, कार्यकारिणी बेकायदा. म्हणून बाहेरच्यांच्या तीन जागा पहिल्याच दिवशी वकील आणि पुढाऱ्यांनी भरून टाकू नका. एक-दोन जागा मोकळ्या ठेवा, आपला माणूस बाहेर काढला गेला तर तो तिथे बसेल. या बाबतीत आयएलओची भूमिका आपल्या कायद्याच्या पुढे आहे. युनियनच्या कामासाठी काढलेल्या माणसाचं युनियनमधलं पद त्या बडतर्फीमुळे जाऊ नये, असं तिथली संघटन स्वातंत्र्य समिती सांगत आली आहे.

रजिस्ट्रार अर्ज अडवू शकतो का? त्याने कागद तपासायचे, घटनेत आवश्यक कलमं आहेत का पाहायचं, नाव आधीच्या एखाद्या युनियनसारखं असेल तर बदलायला सांगायचं. कारखान्याला युनियन हवी की नको, हा विषय त्याच्यापुढे नसतो. मालकाचं म्हणणं ऐकण्याची पायरीही कायद्यात नाही. प्रत्यक्षात मात्र एकूण कामगार किती, हे विचारायला कंपनीला पत्र जातं आणि तिथून बातमी फुटते. माझ्या मते नोंदणीच्या व्यवस्थेतला सगळ्यात दुखरा भाग हाच आहे. १० टक्क्यांवरून बरीच ओरड होते, पण आकड्यापेक्षा जास्त युनियन मी मरताना पाहिल्या आहेत त्या अर्ज आणि दाखला यांच्यामधल्या महिन्यांत. नावांची यादी कुणाच्या तरी टेबलावर पडलेली, दाखला हातात नाही, आणि तोवर चार जणांची बदली, दोघांचं निलंबन. म्हणून सभासदांची संपूर्ण यादी बंद लिफाफ्यात द्या, ती मालकाला दाखवू नये असं अर्जातच लिहा आणि पोच घ्या. सभासदत्वाची माहिती गोपनीय राहिली पाहिजे, हे आयएलओच्या समितीचंही मत आहे. अर्जात तसा उल्लेख करायला काहीच हरकत नाही.

अर्ज अडकला तर आधी लेखी स्मरणपत्र, मग माहिती अधिकारात फाइलवरच्या टिपण्या मागा. मागणी केल्यावर फाइल हलते हा अनुभव आहे. तरीही काही झालं नाही तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते आणि "अमुक मुदतीत निर्णय द्या" असा आदेश मागता येतो. अर्ज लेखी नाकारला किंवा नोंदणी रद्द केली तर अपील न्यायाधिकरणाकडे जातं.

आता त्या ५१ टक्क्यांकडे येऊ. नोंदणीने युनियन कायद्याच्या लेखी व्यक्ती होते. तिच्या नावाने दावा लावता येतो, बँकेत खातं निघतं, आणि सामूहिक कृतीबद्दल फौजदारी कट किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. १९२६ चा कायदा मुळात या संरक्षणासाठीच झाला. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या संपात मालकांनी बी. पी. वाडिया आणि मद्रास लेबर युनियनविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला, त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशींनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात कायद्याचा ठराव मांडला. पण नोंदलेल्या युनियनशी मालकाने बोललंच पाहिजे, असं त्या कायद्यात कुठेही नव्हतं. ती उणीव भरायचा पहिला सरकारी प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना झाला. सक्तीच्या मान्यतेचं विधेयक १९४३ मध्ये मांडलं गेलं, १९४६ मध्ये सुधारून आलं, १९४७ मध्ये दुरुस्ती कायदा मंजूरही झाला. तो कधी अमलात आणला गेला नाही. नागपूरच्या कामगार वस्त्यांत दरवर्षी १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या कामगारविषयक कामाचे फलक लागतात. कामाचे तास, प्रसूती रजा हे असतं. हे विधेयक मात्र त्या फलकांवर मला अजून दिसलेलं नाही.

महाराष्ट्राने ही उणीव स्वतःपुरती भरली. १९७१ चा महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा कायदा, ज्याला कोर्टात सगळे एमआरटीयू म्हणतात. त्यात ५० किंवा जास्त कामगारांच्या उपक्रमात, लगोलगचे सहा महिने सलग किमान ३० टक्के सभासद दाखवणारी युनियन औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागू शकते. इथे ते पावतीबुक लागतं. शिवाय या कायद्याला युनियनच्या घटनेत काही गोष्टी हव्याच असतात: वर्गणी महिन्याला किमान ५० पैसे, कार्यकारिणीची बैठक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या अंतराने, ठराव वहीत नोंदलेले, आणि दर आर्थिक वर्षात हिशेबाची तपासणी. नोंदणीच्या वेळी हे घातलं नाही तर मान्यतेच्या अर्जाआधी घटना दुरुस्त करत बसावं लागतं, आणि सहा महिने तिथून मोजायचे की आधीपासून, यावर समोरचा वकील एक वर्ष काढतो.

संहितेची पद्धत वेगळी आहे. आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या ५१ टक्के किंवा जास्त कामगारांचा पाठिंबा असेल ती एकमेव वाटाघाटी युनियन. तेवढा कुणाकडेच नसेल तर किमान २० टक्के असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. एकच युनियन असेल तर नियमांतल्या अटी पाळून तिलाच ओळखायचं. तुमच्या २४० जणांच्या पटावर ५१ टक्के म्हणजे १२३, आणि २० टक्के म्हणजे ४८. ठेकेदाराचे ३०० जण कंपनीच्या पटावर नसतात, त्यामुळे ते सभासद झाले तरी या मोजणीत धरावेत की नाही यावर कंपनी भांडणारच. म्हणून कायम कामगारांतले सभासद वेगळे मोजून ठेवा.

मग एमआरटीयूचे ३० टक्के की संहितेचे ५१? संहितेने रद्द केलेल्या कायद्यांत राज्याचा कायदा नाही. पण दोघांचा विषय एकच असल्याने केंद्राचा कायदा वरचढ ठरतो का, हा वाद अनुच्छेद २५४ खाली न्यायालयातच मिटेल. सध्या मी पक्षकारांना दोन्ही दारं उघडी ठेवायला सांगतो: सहा महिन्यांचा पावत्यांचा अखंड पुरावाही ठेवा आणि १२३ कडेही चालत राहा.

आता सगळ्यात तातडीचं. अर्ज टाकल्याच्या दुसऱ्या आठवड्यात कुणाला बाहेर बसवलं तर? युनियनमध्ये गेल्यास काढू अशी धमकी, युनियन काढाल तर कारखाना बंद करू ही धमकी, युनियन उभी राहत असताना ती मोडण्यासाठी अचानक दिलेली पगारवाढ, मालकाने पोसलेली युनियन, या सगळ्या एमआरटीयूच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत. हो, पगारवाढसुद्धा. तक्रार ९० दिवसांत करायची. बडतर्फीची असेल तर कामगार न्यायालयात, बाकीच्या औद्योगिक न्यायालयात, आणि अंतरिम आदेश सोबतच मागायचा. धमकी तोंडी असते, म्हणून त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून युनियनच्या पत्रावर कंपनीला ईमेल करा. मालकाच्या खिशातल्या युनियनबद्दलही एक सांगतो. पूर्वी सात जणांची अट असल्यामुळे अशा युनियन बोकाळल्या, असं २००१ च्या दुरुस्तीचं समर्थन केलं गेलं. मला ते पटत नाही. मालकाला १० टक्के माणसं उभी करायला एक दुपार लागते. अट कडक केल्याचा त्रास झाला तो गुपचूप सह्या गोळा करणाऱ्यांनाच.

ठेकेदाराच्या माणसांना इथे जास्त सांभाळायला हवं. सिप्ला प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आम्ही मूळ कंपनीचेच कामगार आहोत, हा वाद आधी योग्य मंचावर सुटल्याशिवाय एमआरटीयूखाली कंपनीविरुद्ध तक्रार चालत नाही. २००३ च्या इंडियन स्मेल्टिंग प्रकरणातही तीच वाट कायम राहिली. म्हणजे उद्या ठेकेदाराने ४० जणांना गेटवर अडवलं तर तुमचा पहिला प्रतिवादी ठेकेदार, आणि कंपनीपर्यंत पोचायला लांबचा रस्ता. म्हणून अर्जावर पहिल्या २५ सह्या कायम कामगारांच्या असू द्या, ठेकेदाराची पोरं सभासद राहोत पण पुढे नकोत. हा सल्ला ऐकायला बरा वाटत नाही, मलाही देताना वाटत नाही.

नोंदणी झाली की युनियनने संरक्षित कामगारांची यादी कंपनीला लेखी द्यायची. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान पाच आणि जास्तीत जास्त १०० जण. विवाद प्रलंबित असताना त्यांच्यावर कारवाईला आधी परवानगी लागते. रागाच्या भरात सामूहिक सीएल टाकू नका. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजा आता संप धरली जाते, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस सगळ्याच कारखान्यांत लागते.

शेवटी जिनिव्हा. आयएलओचे दोन करार इथे महत्त्वाचे: १९४८ चा ८७ वा, संघटन स्वातंत्र्याचा, आणि १९४९ चा ९८ वा, संघटित होण्याच्या व सामूहिक वाटाघाटीच्या हक्काचा. ८७ व्या कराराचं दुसरं कलम सांगतं की कामगारांना कोणताही भेदभाव न होता, आगाऊ परवानगीशिवाय, आपल्या पसंतीची संघटना काढण्याचा हक्क आहे. चौथं कलम सांगतं की प्रशासनाने आपल्या अधिकारात संघटना बरखास्त किंवा स्थगित करायची नाही. सातवं सांगतं की कायदेशीर व्यक्तित्व मिळवण्याच्या अटी या हक्काचा गळा घोटणाऱ्या नसाव्यात. भारत १९१९ पासून आयएलओचा सदस्य आहे, पण हे दोन्ही करार त्याने मंजूर केलेले नाहीत. सरकारचं संसदेतलं उत्तर ठरलेलं असतं: मंजूर केले तर सरकारी कर्मचाऱ्यांना सेवा नियमांनी नाकारलेले हक्क द्यावे लागतील, म्हणजे संप करणं, सरकारच्या धोरणावर उघड टीका करणं वगैरे. त्यांच्यापायी बुटीबोरीच्या खासगी कारखान्यातल्या कामगारालाही करार मिळत नाही.

तरी करार मंजूर नसलेल्या देशाविरुद्धही संघटन स्वातंत्र्य समितीकडे तक्रार करता येते. ही समिती १९५१ पासून आहे आणि भारताविरुद्धच्या तक्रारी तिने ऐकल्या आहेत. तिच्या निर्णयांशी आपला कायदा ताडून पाहिला तर चित्र मिश्र आहे. नोंदणीची औपचारिकता तिला चालते, पण ती परवानगीचं रूप घेऊ नये, लांबलेली प्रक्रिया हा गंभीर अडथळा आहे आणि नकारावर न्यायालयात दाद मागता यायला हवी. २० सभासदांची किमान अट तिला जास्त वाटली नाही, ५० संस्थापकांची मात्र उघडच जास्त वाटली. या मोजपट्टीवर २०० कामगारांच्या कारखान्यात आपले १० टक्के सहज बसतात, १,००० जणांच्या कारखान्यातले १०० बसत नाहीत. वाटाघाटीबाबत समिती म्हणते की ठरलेला टक्का कोणत्याच युनियनकडे नसेल तर असलेल्या युनियनना निदान आपल्या सभासदांपुरतं बोलता आलं पाहिजे. संहितेतली परिषद २० टक्क्यांवर थांबते, त्याखालच्यांना ती काही देत नाही.

तक्रार मात्र एकटा कामगार करू शकत नाही. थेट संबंधित राष्ट्रीय संघटना किंवा आयएलओशी सल्लागार नातं असलेली आंतरराष्ट्रीय संघटना ती करते. म्हणजे व्यवहारात इंटक, आयटक, हिंद मजदूर सभा अशा केंद्रीय संघटनांपैकी कुणाशी तरी संलग्न व्हा आणि त्यांच्यामार्फत जा. निष्कर्ष निघतो तो सरकारला शिफारस म्हणून, तुमच्या गेटवर तो लावता येत नाही. एका कारखान्यातल्या नोंदणीसाठी मी हा रस्ता सुचवणार नाही. प्रशासनाने एकाच पद्धतीने अनेक अर्ज अडवल्याचं दिसलं तर तो उपयोगी. केंद्रीय संघटनेशी जोडून घ्यायचं म्हटलं की मतभेद होतीलच. १९२९ ला याच शहरात, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या अधिवेशनात आयटक फुटली, मजूरविषयक रॉयल कमिशनवर बहिष्कार घालायचा की नाही यावरून. ना. म. जोशी आणि व्ही. व्ही. गिरी तिथूनच बाहेर पडले. तो निर्णय दाखला हातात आल्यावर घ्या, त्याआधी नको.

न्यायालयात आंतरराष्ट्रीय मुद्दा मांडायचा तर ८७ व्या करारापेक्षा बळकट कागद दुसरा आहे, आणि तो आपले वकील क्वचितच वापरतात. भारताने १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दोन्ही मानवाधिकार करार स्वीकारले. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारातलं आठवं कलम आणि नागरी हक्कांच्या करारातलं बाविसावं, दोन्हींत युनियन काढण्याचा हक्क आहे. हे हक्क अनुच्छेद १९ शी सुसंगत राहूनच लागू होतील, असं निवेदन भारताने जोडलं आहे. पण अनुच्छेद १९(१)(ग) मध्येच संघटना काढण्याचा हक्क आहे, त्यामुळे नोंदणीच्या प्रकरणात ते निवेदन फारसं आड येत नाही. आड येतो तो १९६१ चा बँक कर्मचारी संघटनेचा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की संघटना काढणं मूलभूत हक्क आहे, परिणामकारक वाटाघाटी आणि संप हे त्यात आपोआप येत नाहीत. म्हणून खंडपीठात जाल तेव्हा मागणी नोंदणीच्या विलंबापुरती ठेवा, वाटाघाटीचा विषय त्यात मिसळू नका.

आणि तुमचा कारखाना कुणाला माल देतो ते शोधा. मूळ कंपनी किंवा मोठा ग्राहक युरोपातला असेल तर ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या) बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली त्या देशातल्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे युनियन तक्रार करू शकते. भारत त्या तत्त्वांना बांधील नसला तरी ती कंपनी ज्या देशाची तो असतो. ग्राहकाच्या पुरवठादार आचारसंहितेत संघटन स्वातंत्र्याचं कलम बहुधा असतंच. ते पान तारखेसह छापून ठराववहीसोबत ठेवा, निलंबनाच्या तक्रारीत औद्योगिक न्यायालयासमोरही ते जोडता येतं.